खेड्यात राहून सॉफ्टवेअरची उमेदवारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद या पट्ट्यातली मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि मधूनमधून एखादे कॉलेजचे सर आम्हाला जे विचारतात, ते इथे एका जागी लिहून ठेवलं आहे. आम्ही म्हणजे बाहेर नोकऱ्या करून परत आलेले दोन-तीन प्रोग्रामर आणि तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्राच्या वर भाड्याने घेतलेली खोली. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत. वऱ्हाडीत आले ते वऱ्हाडीत.

कोर्स किती महिन्यांचा आहे आणि फी किती?

कोर्स नाही, त्यामुळे फीही नाही. इथे उमेदवारी असते, साधारण वर्षभराची. नवा माणूस जुन्या माणसाशेजारी बसतो, त्याचं काम बघतो, मग त्यातला एक छोटा तुकडा स्वतः करतो आणि तो तुकडा तपासला जातो. गॅरेजमधलं पोरगं असंच मेकॅनिक होतं. सॉफ्टवेअरमध्ये मात्र शिकणं कॉलेजात राहिलं आणि काम पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांच्या आत. चार वर्षं इंजिनिअरिंग करून आलेल्या मुलाने दुसऱ्या कुणी लिहिलेला मोठा प्रोग्राम कधी उघडून पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेला कोड म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीतला, आणि तोही मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेला.

खरं तर हाताने काम करत शिकण्याची गोष्ट विदर्भाला नवी नाही. १९३७ साली वर्ध्यातच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. पुढे आपण ती स्मारकात ठेवली, हा भाग वेगळा.

ओपन सोर्सचा इथे काय संबंध?

तालुक्याच्या गावी शिकायला ‘खरं काम’ आणायचं कुठून, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. फायरफॉक्स ब्राउझर, लिबरऑफिस, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम यांचा सगळा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. कोडच नाही, त्यातल्या बगची म्हणजे दोषांची यादी, त्यावर झालेली भांडणं, एखादा बदल का नाकारला याची कारणं, हेही सगळं उघड असतं. कंपनीत नोकरी लागल्यावरच जे दिसलं असतं ते दारव्ह्यात बसून दिसतं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्स सुरू केलं; तेव्हापासूनचा बराचसा पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो.

मग घरी बसून यूट्यूब बघून गिटहबवर काम करता येतंच की. उमेदवारी कशाला?

गिटहब म्हणजे असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात ते संकेतस्थळ. तिथे काहींना काम करता येतं. ते आमच्याकडे येत नाहीत, त्यांना गरजही नसते.

बाकीच्यांचं काय होतं ते सांगतो. मुलगा उत्साहाने एक प्रकल्प उतरवतो. तो त्याच्या मशीनवर चालतच नाही. कुठली तरी लायब्ररी (प्रोग्रामला लागणारा तयार कोड) जुनी, कुठली नवी. दोन रात्री जातात. कुणाला विचारावं कळत नाही. मग तो सोपा रस्ता धरतो: वाचा-मला (README) या माहितीच्या फाइलमधला एखादा शब्द बदलतो आणि पाठवून देतो. हे हजारोंनी केलं की काय होतं ते २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये जगाने पाहिलं. ऑक्टोबरात ठरावीक बदल पाठवले की टी-शर्ट मिळायचा. एका भारतीय यूट्यूब व्हिडिओनंतर निरर्थक बदलांचा असा पूर आला, की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. प्रकल्पाने स्वतःहून ‘आम्ही सहभागी आहोत’ म्हटल्याशिवाय बदल मोजणं बंद झालं. प्रकल्प सांभाळणारे लोक बहुतेक वेळा नोकरी करून, रात्री जागून ते काम करतात. तुम्हाला पहिली अक्षरं गिरवून घ्यायला त्यांच्याकडे वेळ नाही, आणि ती अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

ती गिरवून घ्यायला शेजारी माणूस लागतो. आमच्याकडे पहिले काही आठवडे कुणी नवा कोड लिहीतच नाही. प्रकल्प मशीनवर उभा करायचा, त्याच्या चाचण्या चालवायच्या, बंद झालेले जुने बग वाचायचे आणि प्रत्येकाचं कारण आपल्या शब्दांत सांगायचं. त्यानंतर कुणी तरी नोंदवलेला पण अजून न सुटलेला बग आपल्या मशीनवर पुन्हा घडवून दाखवायचा. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण बग हमखास घडवता आला की निम्मं काम झालं. मग छोटी दुरुस्ती. ती प्रकल्पाकडे जाण्याआधी इथल्या खोलीत वाचली जाते, ओळ न् ओळ, सगळ्यांसमोर. ‘ही ओळ काऊन लिहिली?’ याचं उत्तर देता आलं नाही तर ती ओळ परत.

मले इंग्रजी येत नाही. जमन का?

बोलता येत नसेल तर अडत नाही. वाचता येत नसेल तर अडतं, पण ते येतं.

ओपन सोर्समधला बहुतेक संवाद लेखी आहे. उत्तर द्यायला तास घ्या, दिवस घ्या, कुणी टोकत नाही. उच्चार कुणाला ऐकू जात नाही. आणि जी इंग्रजी लागते ती फारच मोजकी: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, कोणत्या आवृत्तीवर. चार छोटी वाक्यं. आम्ही ती आधी मराठीत लिहून घेतो, कारण मुलांची अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसतेच. नेमकं काय घडलं हे मराठीतही सांगता येत नसतं. ‘सर, चालून नाही राह्यलं’ हा बग रिपोर्ट नव्हे.

दुसरी गोष्ट भाषेची नाही, वळणाची आहे. आपली मुलं शाळेपासून परवानगी मागायला शिकलेली असतात. त्यामुळे जगभरच्या प्रकल्पांवर ‘रिस्पेक्टेड सर, प्लीज असाइन मी धिस इश्यू’ अशा ओळी दिसतात, आणि पुढे त्या मुलाचा पत्ता नसतो. तिथे परवानगी लागत नाही. समोरचा ‘सर’ नसतो. कधी ती तुमच्याच वयाची मुलगी असते. काम सुरू करा, कुठवर आलात ते लिहा. अडलात तर काय काय करून पाहिलं तेही लिहा. आणि इथे खोलीत तर ‘काही अडचण नाही दादा’ म्हणत तीन दिवस गप्प बसणं हाच एकमेव गुन्हा आहे. अर्धा तास झटून पाहा, मग विचारा.

पोट्टं दिवसभर लॅपटॉपसमोर बसते. फुकटात बाहेरदेशच्या लोकायचं काम करतो म्हणते. याले पैसे कोण देते?

काका, प्रश्न रास्त आहे.

सगळंच फुकट नसतं. लिनक्सच्या गाभ्यातले म्हणजे कर्नलमधले बहुतेक बदल आज इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात. शिकणाऱ्यांसाठीही काही रस्ते आहेत. गूगल समर ऑफ कोड (ओपन सोर्स कामासाठी गूगलचं विद्यावेतन) २००५ पासून चालू आहे. पूर्वी फक्त विद्यार्थ्यांसाठी होतं, २०२२ पासून १८ वर्षांवरच्या कुणाही नवशिक्याला अर्ज करता येतो. आउटरीची ही ओपन सोर्समधली इंटर्नशिप वर्षातून दोनदा निघते, तीन महिन्यांची असते आणि ७,००० डॉलर मिळतात. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो किंवा ज्यांचं प्रमाण कमी आहे अशांसाठी ती आहे. आमच्या मुली तिला अर्ज करायला लाजतात, ते बंद झालं पाहिजे. आयआयटी मुंबईचा खुल्या सॉफ्टवेअरचा फॉसी प्रकल्पही विद्यार्थ्यांना उन्हाळी फेलोशिप देतो. पण हे सगळं निवड झाली तर. त्यावर घर चालवायचा हिशेब मांडू नका.

म्हणून आम्ही दुसरी सोय ठेवली आहे. खोलीचं भाडं आणि उमेदवारांचं विद्यावेतन स्थानिक कामातून येतं: एखादं जिनिंग, एखादी दालमिल, खालचं कृषी केंद्र. त्यांना स्टॉक, उधारी, बिलं यांसाठी आम्ही ईआरपीनेक्स्ट बसवून देतो. ते मुंबईत तयार झालेलं, पूर्ण खुलं सॉफ्टवेअर आहे. उधारी हंगामावर फिटते, बियाण्याच्या लॉट नंबरचा हिशेब ठेवावा लागतो, दुकानदाराला बिल मराठीत हवं असतं. हे सगळं जुळवताना मूळ सॉफ्टवेअरमधला एखादा दोष सापडतोच. तो दुरुस्त करून मूळ प्रकल्पाकडे पाठवायचा. गिऱ्हाईक पैसे देतं, आणि दुरुस्ती तुमच्या मुलाच्या नावावर जगासमोर राहते. ‘गोऱ्यांचं काम’ म्हणाल तर त्यातलं निम्मं आपल्याच बाजारपेठेचं आहे.

परदेशातून पैसे आले तर बँक कशाचे म्हणून विचारते. पॅन कार्ड आणि निवडीचं पत्र जवळ ठेवा.

सरकारी शिकाऊ उमेदवारी योजनेत हे बसतं का?

बसू शकतं. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. २०१९ च्या दुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरलं; चालू आकडा शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बघून घ्या. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा केंद्र सरकार उचलतं. आयटीआयचा कोपा (संगणक चालक आणि प्रोग्रामिंग सहायक) ट्रेड झालेल्यांनी हे नक्की बघावं.

दोन गोष्टी मालक सांगत नाहीत, म्हणून सांगतो. कायद्याने उमेदवार हा कामगार नसतो, शिकणारा असतो. आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. तेव्हा करार वाचूनच सही करा. शिकवायला कुणी नाही आणि दिवसभर डेटा एन्ट्री करून घेतात, तर ती उमेदवारी नाही, स्वस्तातली मजुरी आहे.

सोयाबीन निघते तवा सुट्टी भेटन का?

भेटते. जूनमधली पेरणी, दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. आमचं वेळापत्रक यावरच बसवलं आहे. अर्ध्याहून जास्त मुलं कास्तकाराच्या घरची आहेत. हॅक्टोबरफेस्टच्या वेळी आमची खोली रिकामी असते ती यामुळेच, टी-शर्टचा राग म्हणून नव्हे.

गावात रेंज नाही, लाईटचा भरवसा नाही. कसं करायचं?

यात गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तुमच्या बाजूने आहे. टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये ते लिहिलं. एकदा प्रकल्प पूर्ण उतरवला की त्याचा सगळा इतिहास तुमच्या मशीनवर असतो: कोणती ओळ कुणी, कधी, का बदलली, जुन्या आवृत्तीशी फरक काय, हे सगळं नेट नसताना बघता येतं. बदलही तिथेच नोंदवता येतात. नेट लागतं ते फक्त आणताना आणि पाठवताना. मोठे प्रकल्प आम्ही इथून पेनड्राइव्हवर देतो. गिट बंडल नावाची सोय त्याचसाठी आहे. लिनक्स कर्नलचा पूर्ण इतिहास काही जीबी भरतो, तो मोबाइलच्या डेटावर उतरवायला जाऊ नका. घ्यायचाच झाला तर उथळ क्लोन, म्हणजे फक्त अलीकडच्या इतिहासाची प्रत, घ्या.

वाचायचं साहित्यही असंच नेता येतं. पायथनचं सगळं दस्तऐवज उतरवून ठेवता येतं. किविक्स या अ‍ॅपवर विकिपीडिया आणि स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ ऑफलाइन मिळतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल छोटे आहेत, बरेचसे मराठीत आहेत आणि एकदा उतरवले की घरी बघता येतात. मेळघाटातून धारणीजवळचा एक जण आठवड्याचं काम असं बांधून नेतो आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आला की सगळं एकदम पाठवतो. त्याच्या नोंदी सगळ्यात नीट असतात, कारण लगेच विचारायची सोय त्याला नाही.

नवख्या माणसाने नेमकं कोणतं काम हाती घ्यावं?

जे काम तुम्हाला दिसतं आणि हेलसिंकीतल्या माणसाला दिसत नाही ते.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द बघा. एकात डोंगरातल्या दऱ्या, दुसऱ्यात समुद्र. मराठीतला तो पापणीसारखा अर्धा ऱ दाखवायला फॉन्ट आणि मजकूर मांडणारं सॉफ्टवेअर या दोघांनाही तो माहीत असावा लागतो, नाही तर ‘वाऱ्यावर’सारखे शब्दच बिघडतात. हिंदी वाचणाऱ्या तपासनिसाला तो दोष वाटतही नाही. ल आणि श यांची मराठी वळणं, यादी वर्णक्रमाने लावताना ळ, क्ष, ज्ञ कुठे बसतात, १०००००० हा आकडा १०,००,००० असा दिसतो का, पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की त्याचं काय होतं. असे दोष रोजच्या वापरात भेटतात. मुक्ता हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, म्हणजे आतून कसा बांधलाय ते उघडून शिकता येतं.

तालुक्याच्या प्रत्येक डीटीपी सेंटरमध्ये कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतल्या फायलींचे ढीग पडलेले असतात. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, जुनी स्मरणिका. त्या युनिकोड या आजच्या सर्वमान्य मांडणीत आणताना वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या जागी पडतात. हे रूपांतर नीट करणारा छोटा प्रोग्राम लिहिणं, त्याला चाचण्या जोडणं, हे सहा महिन्यांचं उत्तम काम आहे. गिऱ्हाईक तर कोपऱ्यावरच बसलेलं आहे.

भाषांतर हीसुद्धा चांगली सुरुवात आहे. त्याची संकेतस्थळं आहेत: फायरफॉक्ससाठी पॉन्टून, विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरसाठी ट्रान्सलेटविकी. फक्त यंत्राचं भाषांतर चिकटवू नका. तसलं मराठी काढून टाकायला दुप्पट वेळ जातो.

आता एआय कोड लिहितं. शिकून उपयोग काय?

लिहितं, आणि आम्हीही वापरतो. पण आमच्या खोलीत एक अट आहे: जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती तुमच्या नावावर जाणार नाही. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग एआयने रचलेल्या, वरून पटणाऱ्या पण आतून खोट्या बग रिपोर्टबद्दल जाहीरपणे तक्रार करत आले आहेत. तपासायचा वेळ त्यांचा जातो. पहिले तीन-चार महिने आम्ही एआय फक्त वाचायला वापरू देतो, म्हणजे ‘हा भाग काय करतो ते सांग’ असं विचारायला. मग त्याने सांगितलेलं खरं की खोटं, ते कोड चालवून बघायचं. लिहायची सवय आधी एआयला लागली तर हाताला लागतच नाही, हे आमचं मत आहे. काही जाणकार यावर आमच्याशी भांडतात.

मुलीला रोज तालुक्याला पाठवायचं म्हणजे…

समजतं. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीच्या आधी आम्ही आवरतो, कुणालाही थांबवत नाही. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. आठवड्यातले दोन दिवस इथे आणि बाकी घरून, असंही चालतं. आई किंवा भाऊ पहिल्या दिवशी येऊन बसले तरी चालेल. एक विनंती. घरून काम म्हणजे मुलगी रिकामी आहे असं धरून तिला मध्येच उठवू नका.

एमपीएससी किंवा पोलीस भरतीची तयारी करत करत होईल का?

नाही. यातलं एक निवडा. भरती झाली नाही तर पुढच्या वर्षी या, दार उघडंच असतं.

माझा पॅच (पाठवलेला बदल) नाकारला. फार लागट बोलले.

नाकारणं रोजचं आहे, बोलणं लागट असायला नको. एके काळी लिनक्सच्या ईमेल यादीवरची भाषा कुप्रसिद्ध होती. २०१८ मध्ये टोरवाल्ड्सने स्वतः माफी मागून काही काळ रजा घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. आज बहुतेक मोठ्या प्रकल्पांची आचारसंहिता असते, तिच्यात तक्रार कुठे करायची तेही लिहिलेलं असतं. पण आधी आम्हाला दाखवा. पुष्कळदा ते रागाचं नसतं. युरोपातली माणसं तीन शब्दांत ‘नाही’ लिहितात आणि विसरून जातात.

शेवटी नोकरी लागेल का?

हमी नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्यांचे बोर्ड अमरावती-नागपूरला भरपूर आहेत आणि त्यातले काही अनुभवाची खोटी प्रमाणपत्रंही देतात. ती पहिल्या चौकशीत उघडी पडतात आणि मुलाचं नाव कायमचं खराब होतं. आमच्याकडून प्रमाणपत्र मिळत नाही. मिळते ती उघडी नोंद: कोणता दोष सोडवला, त्यावर काय चर्चा झाली, कुणी तपासून स्वीकारला. नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीचा माणूस असो की परदेशातला, ती दोन मिनिटांत पाहू शकतो. काही जणांना त्यावर घरून करायचं काम मिळतं, काही पुण्याला जातात, काही इथेच ईआरपीचं काम धरतात. काही सोडून देतात.

आमच्या गावीही असं सुरू करायचं आहे.

करा. लॅपटॉप आणि नेट जमतं, ते शेवटचं बघा. आधी शिकवणारा माणूस बघा: स्वतः रोज कोड लिहिणारा, आणि दिवसातले निदान दोन तास दुसऱ्याचा कोड वाचायला तयार असलेला. एका माणसाकडे तीनपेक्षा जास्त उमेदवार देऊ नका. वीस पोरांची बॅच केली की पुन्हा क्लासच होतो. कॉलेजने जागा दिली तर घ्या, पण हजेरीपट घेऊ नका.

लॅपटॉप कोणता घेऊ?

जुना, ऑफिसातून निघालेला, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला. त्यावर डेबियन किंवा उबुंटू, म्हणजे लिनक्सच. नव्यासाठी कर्ज काढू नका.

भेटायला येताना काय आणू?

मार्कशीट नको, फोटो नको, एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेटही नको. तुम्ही रोज वापरता त्यातलं एखादं अ‍ॅप किंवा संकेतस्थळ निवडा, ज्यात काही तरी चुकतं. पीक पाहणीचं असो, बसचं असो, बँकेचं असो. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि कोणत्या फोनवर, हे एका पानावर मराठीत लिहून आणा. मंगळवार सोडून कधीही या. मंगळवारी आम्ही गिऱ्हाइकांकडे असतो.